अहवालातला चाळीसचा आकडा

माझ्या मणक्यातले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीचा द्रव, तपासणीसाठी मुंबईला पाठवावे लागले, त्याचे कारण होते रक्त पातळ करण्याची एक गोळी. ती सुरू करावी की करू नये, या प्रश्नावर बडोद्यातले दोन डॉक्टर दोन बाजूंना उभे होते आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. माझ्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्यामुळे हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होईल, ही हृदयरोगतज्ज्ञांची भीती होती. मेंदूविकारतज्ज्ञांची भीती नेमकी उलटी होती. माझ्या मेंदूच्या रक्तवाहिन्याच ठिसूळ झालेल्या असाव्यात आणि अशा वाहिन्यांवर गोळीचा मारा केला तर रक्तस्राव होईल, असे त्यांना वाटत होते. मात्र ‘असाव्यात’ या शब्दापलीकडे जाण्याइतका पुरावा त्यांच्याही हाती नव्हता.

सुरुवात मुंग्यांपासून झाली. खंडेराव मार्केटमधून आणलेली मेथी निवडत बसले असताना उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या, त्या हळूहळू तळव्यावर, तिथून मनगटावर आणि दंडापर्यंत चढल्या, आणि शेवटी ओठाचा उजवा कोपरा बधिर झाला. काही मिनिटांत सगळे आले तसे निघूनही गेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी याला पक्षाघाताचा क्षणिक झटका ठरवले, ॲस्पिरिन सुरू केले आणि हृदयाचा आलेख काढायला लावला. त्या आलेखात ठोक्यांची अनियमितता सापडली आणि सगळ्यांनाच उत्तर मिळाल्यासारखे वाटले. हृदयातून गुठळी गेली, क्षणभर अडकली आणि सुटली, आता रक्त पातळ करायचे, असा सरळ हिशेब होता.

मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र पहिल्याच भेटीत एक वेगळा प्रश्न विचारला. मुंग्या एकदम सगळीकडे आल्या की सरकत सरकत गेल्या? गुठळीने रक्तपुरवठा तुटला तर त्या भागाचे काम एका क्षणात थांबते, त्यामुळे हात, तोंड, जीभ सगळे एकदम बधिर होते. करंगळीपासून ओठापर्यंत मिनिटामिनिटाने चढत जाणारा बधिरपणा निराळ्या कारणाने येतो. मेंदूच्या पृष्ठभागावर थोडेसे रक्त झिरपले की तिथल्या पेशींमध्ये विद्युत खळबळीची एक लाट उठते आणि ती संथपणे पसरते. वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि असा प्रकार घडला असेल, तर रक्त पातळ करण्यापूर्वी मेंदूच्या वाहिन्यांच्या भिंतींत साचणाऱ्या एका प्रथिनाचा, म्हणजे अ‍ॅमिलॉइडचा विचार केलाच पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ॲस्पिरिन त्याच दिवशी बंद केले.

माझा एमआरआय त्याआधी झालेला होता आणि त्याच्या अहवालात ‘वयोमानानुसार बदल’ एवढेच लिहिलेले होते. डॉक्टरांनी तो पुन्हा करायला सांगितला, पण या वेळी जुन्या रक्ताचे अंश दाखवणाऱ्या विशेष प्रतिमांसह, ज्यांना एसडब्ल्यूआय म्हणतात. रक्त झिरपून गेल्यावर त्यातले लोह ऊतीत मागे राहते, ते लोह चुंबकीय क्षेत्रात विक्षोभ निर्माण करते आणि प्रतिमेत त्या जागी काळा ठिपका उमटतो, तोही प्रत्यक्षातल्या डागापेक्षा मोठा. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे हे ऐकताना मला भीतीपेक्षा कुतूहलच अधिक वाटले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. ठिपके निघाले. त्यांतले बहुतेक मेंदूच्या बाहेरच्या थराजवळ होते, मागच्या भागात जरा जास्त. पण एक ठिपका आत खोल, थॅलॅमसमध्ये होता. शिवाय मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका वळीच्या काठाला काळसर रेघ होती. तिच्याबद्दल एका रेडिओलॉजिस्टने ‘लोहाचा थर असण्याची शक्यता’ असे लिहिले, तर दुसऱ्याने ती शेजारची शीर असावी असे मत दिले.

घोळ झाला तो त्या एका खोलवरच्या ठिपक्यामुळे. वाहिन्यांच्या अ‍ॅमिलॉइड आजाराचे, म्हणजे सेरेब्रल अ‍ॅमिलॉइड अँजिओपथीचे, निदान जिवंतपणी करण्यासाठी बॉस्टन निकष वापरतात. ते १९९० च्या दशकात तयार झाले आणि त्यांची २.० ही सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली. खात्रीचे निदान आजही ऊतीच्या तपासणीनेच, बहुतेकदा शवविच्छेदनानंतर होते. जिवंत माणसाच्या बाबतीत ‘संभाव्य’ हा शब्द वापरायचा आणि त्यासाठी रक्तस्रावाच्या खुणा फक्त बाह्यस्तराच्या भागात असल्या पाहिजेत. मेंदूच्या गाभ्यात एकही खूण असली तरी निकष पूर्ण होत नाही, कारण गाभ्यातल्या खुणा सहसा उच्च रक्तदाबाने जीर्ण झालेल्या बारीक वाहिन्यांमुळे होतात. मला रक्तदाबाचा विकार कित्येक वर्षांपासून आहे. म्हणजे माझ्या डोक्यात एकच आजार आहे की दोन्ही, आणि दोन्ही असतील तर वरचढ कोणता, हे चित्रांवरून ठरत नव्हते. वाहिन्यांत अ‍ॅमिलॉइड असलेल्यांना पुन्हा मोठा रक्तस्राव होण्याचा धोका निव्वळ रक्तदाबाच्या रुग्णांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून हे ठरणे गरजेचे होते.

पेट स्कॅनचा विषय निघाला आणि मागे पडला. तो स्कॅन मेंदूत अ‍ॅमिलॉइड आहे हे दाखवतो, पण ते वाहिन्यांच्या भिंतींत आहे की अल्झायमरप्रमाणे ऊतीत, हे त्यावरून नीट वेगळे काढता येत नाही. अलीकडे मला माणसांची नावे आठवायला वेळ लागत असल्यामुळे तोही प्रश्न अंगाला चिकटलेला होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मणक्यातले पाणी बघू या. त्यातून एकाच वेळी दोन्ही प्रश्नांना काही ना काही उत्तर मिळेल.”

घरी हे सांगितल्यावर जे व्हायचे तेच झाले. दांडिया बाजारात ज्या वाड्यात माझे सासर आहे, तिथे मणक्यात सुई म्हटले की कंबर कायमची जाते, अशी समजूत तीन पिढ्यांपासून नांदते आहे. यजमान म्हणाले, “अगं, साध्या रक्तातून होत नाही का?” रक्तातून करण्याच्या चाचण्या झपाट्याने पुढे येत आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः अल्झायमरवर आहे. माझा प्रश्न वाहिन्यांचा होता. पाठीचा कणा आणि मज्जारज्जू यांची लांबी सारखी नसते, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवले. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून. तिथे फक्त पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सुईला बाजू देतात. हाइनरिख क्विंके यांनी ही पद्धत १८९१ मध्ये जर्मनीत वापरात आणली आणि मूळ तंत्र अजून तेच आहे. शरीरात हे पाणी एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवे तयार होते, त्यामुळे दहा-बारा मिलिलिटर काढल्याने काही उणे पडत नाही. यजमानांचे समाधान या आकड्यांनी झाले की माझ्या हट्टाने, हे मला आजही सांगता येणार नाही.

खरी अडचण आली ती नळीपाशी. अ‍ॅमिलॉइड बीटा हे या तपासणीत मोजायचे प्रथिन अतिशय चिकट असते. काचेच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या नळीत घेतले तर त्यातले काही भिंतीला चिकटून बसते आणि पाण्यात मोजायला कमी उरते. म्हणून नळी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी, शक्यतो कमी चिकटणाऱ्या प्रकारची, ती जवळजवळ भरलेली हवी आणि नमुना एका नळीतून दुसरीत ओतत बसता कामा नये, कारण प्रत्येक ओतण्यागणिक नव्या भिंतीला थोडे प्रथिन लागून जाते. मुंबईच्या प्रयोगशाळेने हे सगळे लेखी कळवलेले होते. ठरल्या सकाळी त्यांच्या स्थानिक संकलन केंद्राचा मुलगा आला तो नेहमीच्या पारदर्शक नळ्या घेऊन, ज्यांत लघवीचे आणि इतर नमुने जातात. पॉलिस्टायरीन काचेसारखे स्वच्छ आणि कडक दिसते, पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधट असते आणि दाबले की थोडे लवते. नळी हातात घेतल्याबरोबर मला फरक कळला. डॉक्टरांनीही तळावरचा शिक्का पाहिला आणि सुई हातात न घेता तपासणी पुढे ढकलली. तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणत होता की आजवर कोणीच नळीबद्दल तक्रार केली नाही. त्याचे म्हणणे खरेच असणार, कारण नेहमीच्या तपासण्यांना, म्हणजे पेशी, साखर, एकूण प्रथिने यांना, त्या नळीने काही बिघडत नाही.

योग्य नळ्या मिळाल्यावर कोरड्या बर्फाची सोय लागली. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गोठवायचा आणि गोठलेल्या स्थितीतच मुंबईला पोहोचवायचा होता, मध्ये वितळून पुन्हा गोठला तर आकडे भरवशाचे राहत नाहीत. कोरडा बर्फ म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास. धाकट्या मुलाने तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून थर्मोकोलच्या खोक्यात आणला. झाकण घट्ट बसवू नकोस, वायू साठून खोके फुटेल, हे मी त्याला इतक्यांदा बजावले की शेवटी तो म्हणाला, “आई, मी तुझा विद्यार्थी नाही.”

प्रत्यक्ष प्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याचा काळ आधी तपासला होता, मेंदूतला दाब वाढलेला नाही हे एमआरआयवरून दिसतच होते. डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायची. डॉक्टरांनी कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा चाचपून त्यांना जोडणारी रेषा मनात आखली, ती चौथ्या मणक्याच्या उंचीवरून जाते, आणि नखाने एक खूण केली. भूल देणारे इंजेक्शन काही क्षण चांगलेच झोंबले. त्यानंतर दुखणे असे नव्हतेच, फक्त आत काहीतरी दाबत पुढे चालल्याची जाणीव होती. “बेन, जराय हलशो नहीं,” असे डॉक्टर गुजरातीत म्हणाले आणि तेवढ्यात उजव्या मांडीतून विजेची एक चमक खाली गेली. एखाद्या धाग्याला सुईचा स्पर्श झाला होता. त्यांनी सुई केसभर वळवली आणि चमक थांबली. सुई बारीक आणि बोथट टोकाची होती. अशा टोकाने पडदा चिरला न जाता तंतू बाजूला सरतात, भोक लवकर बुजते आणि नंतरच्या डोकेदुखीचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

पाणी ओढून काढत नाहीत, ते आपोआप थेंबाथेंबाने पडू देतात. नळी मला दिसत नव्हती, म्हणून नर्सने ती भरल्यावर माझ्या डोळ्यांसमोर धरली. पूर्ण पारदर्शक, रंग नाही, गढूळपणा नाही. दुधट नळीतून तिचा हातमोजा जितका दिसायला हवा तितकाच दिसत होता. पहिले थेंब निराळ्या नळीत साध्या तपासणीसाठी घेतले होते, कारण सुई जाताना रक्ताचा अंश मिसळला तर तो सुरुवातीच्या थेंबांतच येतो आणि रक्तातली प्रथिने हिशेब बिघडवतात. त्यानंतर मी अर्धा तास पडून राहिले, तेही वाड्यातल्या मंडळींच्या समाधानासाठी. तासन्‌तास सपाट झोपल्याने डोकेदुखी टळत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी उठून बसले की कपाळ जड होई आणि आडवे झाले की हलके वाटे. भरपूर पाणी आणि कॉफी यांवर ते निभावले.

अहवाल यायला वेळ लागला आणि आला तेव्हा त्यातला निष्कर्ष वाचून आम्ही सगळे आनंदलो. अ‍ॅमिलॉइड बीटा ४२ कमी होते, त्याच्यापुढे खाली जाणारा बाण होता. पण ४२ आणि ४० या एकाच प्रथिनाच्या दोन लांबींच्या तुकड्यांचे गुणोत्तर मर्यादेच्या आत, अगदी कडेला असले तरी आतच होते. टाऊ हे चेतापेशींतले प्रथिन जरासे वाढलेले, त्याचे फॉस्फोरिलेटेड रूप सामान्य. खाली छापील वाक्य होते की हे चित्र अल्झायमर आजाराशी जुळत नाही. यजमानांनी दारातूनच मुलाला फोन लावला.

मेंदूविकारतज्ज्ञांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि बोट ठेवले ते अशा ओळीवर, जिच्यापुढे बाण नव्हता, सामान्य मर्यादा छापलेली नव्हती, काहीच नव्हते. ती ओळ अ‍ॅमिलॉइड बीटा ४० ची होती. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे गुणोत्तराचा छेद, भागाकार झाला की त्याचे काम संपले. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुंबईला फोन केला आणि त्यांच्याकडे येणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांच्या नमुन्यांत ४० साधारण किती असते ते विचारले. माझे त्या मानाने खूपच कमी होते.

इथे थोडे रसायनशास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेंदूच्या पेशींच्या आवरणात एक मोठे प्रथिन असते. बीटा-सिक्रेटेज आणि गॅमा-सिक्रेटेज ही दोन विकरे त्याचे तुकडे करतात आणि त्यातून अ‍ॅमिलॉइड बीटाचे निरनिराळ्या लांबीचे तुकडे तयार होतात. चाळीस अमिनो आम्लांचा तुकडा सर्वांत विपुल असतो. बेचाळिसाचा त्या मानाने पुष्कळ कमी असतो, पण त्याच्या टोकाची दोन जादा अमिनो आम्ले पाण्यापासून पळणारी असल्यामुळे तो लवकर गोळा होऊन बसतो. अल्झायमरमध्ये मेंदूच्या ऊतीत जे साठे दिसतात ते मुख्यतः बेचाळिसाचे. चाळीसचा तुकडा विरघळलेल्या अवस्थेत राहतो आणि धमन्यांच्या भिंतींतून, स्नायूपेशींच्या मधल्या फटींतून वाहत बाहेर पडतो. वाड्यातल्या जुन्या मोऱ्यांचा उतार हळूहळू कमी होत जावा तसे वयानुसार या वाटेचे होते, निचरा मंदावतो, आणि मग हा तुकडा भिंतीतच साचू लागतो. स्नायूपेशी मरतात, भिंत ठिसूळ होते, तिच्यातून रक्त झिरपते.

आता मणक्यातल्या पाण्यात काय दिसेल ते पाहावे. जे मेंदूत अडकले ते पाण्यात येत नाही. अल्झायमरमध्ये ४२ ऊतीत अडकते, म्हणून पाण्यात ४२ घटते आणि ४० जवळजवळ तितकेच राहते. अंश घटला, छेद तसाच राहिला, गुणोत्तर खाली आले. वाहिन्यांच्या आजारात ४० भिंतीत अडकते आणि त्याच्या सोबत ४२ सुद्धा अडकते, म्हणून पाण्यात दोन्ही घटतात. अंश आणि छेद दोन्ही खाली आले की भागाकार फारसा हलत नाही. शाळेतल्या मुलालाही कळेल असे हे गणित आहे, आणि तरीही केवळ गुणोत्तर वाचणाऱ्याला माझा कागद निर्दोष वाटला असता. वाहिन्यांच्या आजारात पाण्यातील ४० देखील कमी असते, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले आणि नंतरच्या अभ्यासांतून त्याला दुजोरा मिळाला. याच देशात कातवाइक या समुद्रकाठच्या गावातल्या काही कुटुंबांमध्ये हा आजार आनुवंशिक स्वरूपात आढळतो. तिथल्या सदोष जनुक असलेल्या माणसांच्या पाण्यात ४० आणि ४२ दोन्ही, पहिला रक्तस्राव होण्याच्या आधीपासूनच कमी असल्याचे दिसले आहे. मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटले ते निराळेच. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अ‍ॅमिलॉइड बीटा पहिल्यांदा वेगळे करून ओळखले, ते मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून. म्हणजे हे प्रथिन शास्त्राला भेटले तेच मुळी वाहिन्यांच्या भिंतीत, आणि तरी पुढची कित्येक वर्षे सगळी चर्चा ऊतीतल्या साठ्यांचीच होत राहिली.

गुणोत्तराला दोष द्यावा असे मात्र नाही. ते ज्यासाठी काढले आहे त्या कामात ते उत्तम आहे. काही माणसांच्या मेंदूत हे प्रथिन जन्मतःच कमी तयार होते, तर काही वेळा नळीला चिकटून कमी भरते. अशा वेळी ४० आणि ४२ दोन्ही सारख्या प्रमाणात घटतात आणि भागाकाराने ती चूक बहुतांशी धुऊन निघते. पण नेमक्या याच कारणाने माझ्या बाबतीत डॉक्टर थबकले. दोन्ही आकडे कमी असणे हे वाहिन्यांच्या आजाराचे लक्षण असू शकते, तसेच ते चुकीच्या नळीचेही लक्षण असू शकते. दोन्ही कारणांच्या खुणा सारख्याच दिसतात. “नळी कोणती होती ते तुम्हाला नक्की आठवते ना?” असे त्यांनी मला विचारले, जरी ते स्वतः तिथे होते. मी नळीचा प्रकार, ती किती भरली होती, मध्ये कुठेही ओतली नव्हती, आणि मुंबईला पोहोचली तेव्हा खोक्यात बर्फ शिल्लक होता, हे सगळे सांगितले. पारदर्शक नळ्या परत पाठवल्या नसत्या, तर अहवालातल्या चाळीसच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवावा असे काही उरले नसते.

टाऊबद्दलही थोडे. हे प्रथिन चेतापेशींच्या आत असते आणि पेशी खराब होऊ लागल्या की पाण्यात येते. अल्झायमरमध्ये ते चांगलेच चढते. वाहिन्यांच्या आजारात ते निरोगी माणसापेक्षा थोडे जास्त, पण अल्झायमरपेक्षा कमी, असे मधल्या पट्टीत राहते. माझे तसेच होते. स्मरणशक्तीच्या लेखी चाचणीतही, ज्यात घड्याळ काढायला लावतात आणि शब्द पाठ म्हणायला सांगतात, मी शब्द विसरले नव्हते, फक्त उत्तरे द्यायला वेळ घेत होते. हेही वाहिन्यांच्या बाजूने झुकणारे होते.

या तपासणीने निदानावर शिक्कामोर्तब झाले, असे मी म्हणणार नाही आणि डॉक्टरांनीही म्हटले नाही. मणक्यातल्या पाण्याची तपासणी बॉस्टन निकषांत समाविष्ट नाही. ४० ची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही, यंत्र बदलले की आकडा बदलतो, त्यामुळे एका प्रयोगशाळेचा अहवाल दुसरीच्या मोजपट्टीवर लावता येत नाही. शिवाय म्हातारपणी वाहिन्यांचा आजार आणि अल्झायमर हे दोन्ही एकाच मेंदूत नांदणे ही नित्याची गोष्ट आहे. पण मुंग्यांचे सरकणे, बाह्यस्तराजवळचे ठिपके, ती वादग्रस्त काळी रेघ आणि आता दोन्ही घटलेले आकडे, असे चार निरनिराळे साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर थॅलॅमसमधल्या एका ठिपक्याला रक्तदाबाच्या खात्यात टाकून पुढे जाणे शहाणपणाचे होते.

हृदयरोगतज्ज्ञांनी हे सगळे ऐकून घेतले आणि रक्त पातळ करण्याच्या गोळीचा आग्रह सोडला, हे मला आवडले. अनियमित ठोक्यांमुळे होणाऱ्या गुठळ्या बहुतांशी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या एका लहानशा पिशवीसारख्या भागात होतात. मांडीच्या शिरेतून नळी घालून त्या पिशवीचे तोंड बंद करण्याचा उपाय आहे. तो अहमदाबादला करून घेतला. त्यानंतर काही काळ गुठळीरोधक गोळ्या घ्याव्या लागल्या आणि तो काळ सगळ्यांनाच जपून काढावा लागला, पण आता त्याही बंद आहेत. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवायचा हा नियम मात्र कायमचा आहे आणि या आजारात आपल्या हातात असलेला तोच सर्वांत भक्कम उपाय आहे.

अमेरिकेतल्या भाच्याने अ‍ॅमिलॉइड साफ करणाऱ्या नव्या औषधांबद्दल विचारले होते. तिथे २०२३ मध्ये लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाल्यापासून प्रत्येक घरात कोणीतरी हा प्रश्न विचारते. ते औषध अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे आणि त्याचा मुख्य धोका मेंदूत सूज येणे व रक्त झिरपणे हाच आहे. चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव किंवा पृष्ठभागावर लोहाचा थर असलेल्यांना त्याच्या मुख्य चाचणीत घेतलेच नव्हते. माझ्यासारखीला ते देणे म्हणजे ठिसूळ भिंत खरवडून साफ करण्यासारखे ठरेल. भाच्याला हे समजले, पण त्याच्या आईला, म्हणजे माझ्या नणंदेला, अजून वाटते की आम्ही खर्चाला मागे सरलो.

ज्यांना ही तपासणी सांगितली जाईल त्यांनी दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. नमुना कोणत्या नळीत घेणार, ही पहिली. आणि अहवालात ४० चा स्वतंत्र आकडा छापणार का, की फक्त गुणोत्तर देणार, ही दुसरी. बऱ्याच ठिकाणी ४० मोजतात पण कागदावर दाखवत नाहीत, आणि मागितल्यावर देतात. माझा उरलेला नमुना उणे ८० अंशांवर ठेवून देण्याची विनंती आम्ही केली आहे, म्हणजे पुढे यंत्र किंवा पद्धत बदलली तर तोच पुन्हा मोजता येईल. पुढचा एमआरआय हिवाळ्यानंतर आहे, त्याच यंत्रावर आणि त्याच प्रकारच्या प्रतिमांसह, कारण यंत्राची ताकद बदलली तर ठिपक्यांची संख्या आपोआप वाढलेली दिसते आणि नवे कोणते, जुने कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही.